इसाक्वाचे चढणीचे मासे

ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. आम्ही पाचजण इसाक्वाला मासे बघायला निघालो होतो. ‘बघायला’ हा शब्द आईला गाडीत बसेपर्यंत पटला नव्हता. आई कुडाळची, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सिअ‍ॅटलला आलेली. तिच्या हिशेबी मासा एकतर बाजारात बघायचा, नाहीतर ताटात. नदीत नुसता बघून परत यायचं म्हणजे हॉटेलात मेन्यूकार्ड वाचून घरी येऊन पिठलं टाकण्यातला प्रकार.

सिअ‍ॅटलहून आय-९० रस्त्याने पूर्वेला अर्धा तास गेलं की डोंगराच्या पायथ्याशी इसाक्वा लागतं. गावाच्या मधून ओढा वाहतो आणि काठावर राज्य सरकारचं मत्स्यबीज केंद्र आहे, १९३६ सालचं, मंदीत लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेल्या सरकारी कामांतून उभं राहिलेलं. तिकीट नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी इथे सामन माशांची जत्रा भरते. ती मुद्दाम टाळून आम्ही आठवड्याने गेलो. गाडी लावायला जागा मिळते, आणि मासे काही जत्रेच्या तारखा पाळत नाहीत. (लिहिताना बरेचजण सॅल्मन लिहितात, पण त्यातला ‘ल’ कोणी उच्चारत नाही. मी सामनच लिहिणार.)

पुलावरून खाली वाकलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. पाण्यावर आभाळाची चमक, पिवळी पानं, तळाशी गोटे. मग त्यातला एक गोटा शेपटी हलवतो. मग दुसरा. डोळा बसला की कळतं, अर्धा तळ माशांचाच आहे. हातभर लांबीचे, सगळे एकाच दिशेला तोंड करून, प्रवाहात जागच्या जागी पोहत थांबलेले. चमक काढून टाकणारा पोलराइज्ड गॉगल असेल तर घेऊन जा, फार फरक पडतो.

आई कठड्याला टेकून बघत होती. म्हणाली, “गो, हे चढणीचे मासे मां?”

इतकी वर्षं मी मुलांना ‘अपस्ट्रीम मायग्रेशन’ समजावत होते आणि शब्द आमच्या घरातच पडलेला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात मिरगाचा पहिला मोठा पाऊस लागला की नदीतले मासे व्हाळांतून उलटे वर चढतात, अगदी भातशेतातल्या उथळ पाण्यापर्यंत, अंडी घालायला. ते चढणीचे मासे. रायगड-ठाण्याकडे यालाच वलगण म्हणतात. रात्री बत्ती घेऊन लोक ते धरायला जातात. गाभोळीने भरलेले असल्यामुळे ते चवीलाही चांगले आणि वादालाही: अंडी घालायच्या आधीच धरले तर पुढच्या वर्षी चढणार कोण?

फरक एवढाच की आपले चढणीचे मासे गोड्या पाण्यातच जन्मतात आणि गोड्या पाण्यातच राहतात. सामन ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात येतो. समुद्रातून नदीत चढणारा आपल्या देशातला नामांकित मासा म्हणजे हिलसा. गंगेतून तो एकेकाळी अलाहाबादच्याही वर जात असे. १९७५ मध्ये फराक्काचा बंधारा सुरू झाला आणि त्याची वाट अडली. आणि हो, मुंबईत रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण रावस वेगळ्याच कुळातला. सामनचा तो लांबचाही चुलतभाऊ नव्हे.

पॅसिफिक सामनच्या इथल्या पाच जाती केंद्रातले स्वयंसेवक मुलांना बोटांवर शिकवतात. अंगठा म्हणजे थम, त्याला यमक चम. तर्जनी डोळ्यात जाते म्हणून सॉकाय. मधलं बोट सगळ्यात लांब म्हणून किंग, ज्याला चिनूकही म्हणतात. अनामिकेत चांदीची अंगठी, म्हणून सिल्व्हर, म्हणजे कोहो. करंगळी म्हणजे पिंकी, म्हणून पिंक. इसाक्वाच्या ओढ्यात मुख्यतः चिनूक आणि कोहो येतात. चिनूक सप्टेंबरपासून, कोहो जरा मागून. धाकट्याने हे एका दमात पाठ केलं. आई मधल्या बोटावर अडकली.

पुलाखाली पोचायला माशाने काय केलेलं असतं, ते नकाशावर बोट फिरवून बघण्यासारखं आहे. खुल्या पॅसिफिकमधून सामुद्रधुनीत, तिथून प्युजेट साउंड या जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या फाट्यात, मग सिअ‍ॅटल शहरातल्या बॅलर्ड लॉक्समधून (बोटींना समुद्र आणि कालव्याच्या पातळ्यांमध्ये चढवणारी-उतरवणारी पाण्याची दारं) कालव्यात, मग लेक युनियन, लेक वॉशिंग्टन, त्याच्या उत्तर टोकाला समामिश नदी, तिच्यातून रेडमंडमार्गे लेक समामिश, आणि त्याच्या दक्षिण टोकाला मिळणारा हा ओढा. आम्ही अर्ध्या तासात सरळ कापलेलं अंतर मासा भलामोठा वळसा घालून येतो, इथल्या निम्म्या मराठी मंडळींच्या ऑफिसांजवळून. बरं, ही वाट मूळची नव्हेच. १९१६-१७ मध्ये लॉक्स आणि कालवा सुरू झाला, लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे पावणेतीन मीटर उतरली, आणि दक्षिणेकडच्या ज्या ब्लॅक नदीतून तळ्याचं पाणी बाहेर पडायचं ती आटून गेली. घराचं दार एका भिंतीतून काढून दुसऱ्या भिंतीत बसवावं तसं झालं. मासे तरी येत राहिले.

बॅलर्डला माशांसाठी २१ पायऱ्यांचा जिना आहे, १९७६ मध्ये नव्याने बांधलेला. जिना म्हणजे पाण्याच्या कुंडांची रांग: एकदम उंच चढण्याऐवजी थोडं थोडं चढायचं आणि मध्ये दम खायचा. खरी युक्ती पायथ्याशी आहे. तिथे पाणी मुद्दाम जोरात सोडतात, कारण जिना कुठे आहे हे माशाला दिसत नाही, प्रवाहाचा जोर मात्र अंगाला कळतो. जिकडून जोर तिकडे तो तोंड करतो. बाजूला काचेच्या खिडक्या आहेत, त्यांतून मासे नाकासमोरून जाताना दिसतात. उन्हाळ्यात पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो.

पण माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सगळ्यात अवघड गोष्ट त्या खिडकीतून दिसत नाही. ती म्हणजे मीठ.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. कारण एकच: पातळ पडद्याच्या दोन बाजूंना खारटपणा कमी-जास्त असेल तर पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं. सामनचं रक्त समुद्रापेक्षा कमी खारट आणि नदीपेक्षा जास्त. म्हणजे समुद्रात तो कैरीची फोड आणि नदीत मनुका. समुद्रात अंगातलं पाणी सारखं सुटत असतं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर टाकतो. नदीत उलट. पाणी न पिताच आत शिरतं, म्हणून तो पिणं बंद करतो, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतून मीठ आत ओढतो. बहुतेक मासे यातली एकच बाजू सांभाळू शकतात. बाजारातला बांगडा ओढ्यात सोडला तर तो तगणार नाही. सामन आयुष्यात दोनदा हा सगळा कारखाना उलटा फिरवतो: लहानपणी समुद्राकडे निघताना आणि मोठेपणी परतताना. लांबलचक खाडी असेल तर त्याला हळूहळू सरावता येतं. बॅलर्डला ती सोय नाही. लॉक्सच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. त्यात उन्हाळ्यात कालव्याचं पाणी २० अंशांच्या वर जातं, आणि थंड पाण्याच्या माशाला तेवढं तापलेलं पाणी म्हणजे आजाराला आमंत्रण.

इथे एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. १९८० च्या दशकात याच जिन्याच्या तोंडाशी समुद्रसिंह येऊन बसायला लागले. ताट वाढलेलंच, फक्त तोंड उघडायचं. लोकांनी त्यांना हर्शेल असं नाव ठेवलं. फटाके उडवून झाले, नाना उपाय झाले. १९९६ मध्ये तर फायबरग्लासचा खोटा किलर व्हेल पाण्यात सोडला. समुद्रसिंहांवर कशाचा परिणाम झाला नाही. स्टीलहेड नावाच्या सामनच्या भाऊबंदाचा तिथला हिवाळी थवा मात्र जवळजवळ संपला.

आता पुलावर उभा राहणारा प्रत्येकजण जो प्रश्न विचारतो तो: याला वाट कशी कळते? गंमत म्हणजे या प्रश्नाचं गाजलेलं उत्तर याच ओढ्यात मिळालं.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅसलर १९४० च्या दशकात एकदा यूटामध्ये, स्वतःच्या लहानपणीच्या डोंगरात चालत होते. धबधबा अजून नजरेआड होता, पण ओल्या शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि विसरलेलं बालपण एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्यांच्या डोक्यात आलं, माशाचंही असंच होत असेल का? पुढे विद्यार्थी वॉरन विस्बीबरोबर त्यांनी इसाक्वात प्रयोग केला. इसाक्वा ओढ्याला ईस्ट फोर्क नावाची शाखा येऊन मिळते. दोन्हींत वर पोचलेले मिळून ३०२ कोहो त्यांनी पकडले, अर्ध्यांच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि सगळ्यांना संगमाच्या खाली नेऊन सोडलं. नाक मोकळं असलेले बहुतेक मासे आपापल्या शाखेत बरोबर परत गेले. बोळेवाल्यांना शाखा ओळखता येईना. १९५४ मध्ये हे छापून आलं.

प्रत्येक ओढ्याचा वास वेगळा, कारण माती वेगळी, दगड वेगळे, काठची झाडं आणि कुजणारी पानं वेगळी. समुद्राकडे निघण्याच्या सुमारास पिल्लाच्या अंगात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं आणि तेव्हाच हा वास मेंदूत कायमचा बसतो. हा वास जन्मजात नसून शिकलेला असतो, हेही हॅसलर यांच्या गटाने १९७० च्या दशकात मिशिगन तळ्यात दाखवलं. कोहोची पिल्लं मॉर्फोलीन नावाच्या रसायनाच्या अगदी पुसट वासात ठेवली, तळ्यात सोडली, आणि दीडेक वर्षाने तेच रसायन एका ओढ्यात सोडलं. मासे त्या ओढ्यात आले, आयुष्यात कधी तिथे गेलेले नसताना.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सुकटीच्या वासाक मांजार येता, तसाच.” तसंच. फक्त मांजर शेजारच्या घरातून येतं.

भर समुद्रात ओढ्याचा वास कुठून येणार, ही शंका मोठीने काढली आणि ती बरोबर आहे. तिथे दुसरी युक्ती चालते: पृथ्वीचं चुंबकत्व. किनाऱ्याच्या प्रत्येक ठिकाणी चुंबकीय क्षेत्राचा जोर आणि कोन जरा वेगळा असतो, आणि समुद्रात शिरतानाची ती खूण मासा लक्षात ठेवतो असं दिसतं. कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या सॉकायना घरी येताना व्हँकूव्हर बेटाला उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. ५६ वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी तपासल्यावर २०१३ मध्ये आढळलं की कोणत्या वर्षी किती मासे कोणत्या बाजूने आले, याचा संबंध चुंबकीय क्षेत्राच्या त्या-त्या वर्षीच्या सरकण्याशी लागतो. थोडक्यात, चुंबक गावापर्यंत आणतं आणि नाक घरापर्यंत. थोडे मासे चुकतातही, भलत्याच ओढ्यात शिरतात. त्या चुकणाऱ्यांमुळेच अलास्कात हिमनदी मागे हटून मोकळे झालेले नवे ओढे सामनने वसवले.

पुलाखालच्या माशांची अवस्था बघवत नव्हती, हे सांगायला हवं. शेपट्या झिजलेल्या, अंगावर बुरशीचे पांढरे चट्टे. नरांचे जबडे आकड्यासारखे वळलेले, समोरचे दात बाहेर. चित्रातला चंदेरी मासा तो हाच, यावर धाकट्याचा विश्वास बसेना. गोड्या पाण्यात शिरल्यावर सामन खाणं सोडतो. पोट आक्रसतं आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवर पुढचं सगळं चालतं: पोहणं, उड्या, भांडणं, अंडी. शेवटी स्नायूही जळतात. सॉकायचं तर मांस फिकं पडत जातं आणि कातडी लालभडक होते, कारण झिंग्यासारख्या खाण्यातून मांसात साठलेला रंगच कातडीत उतरतो. आईला हा हिशेब लगेच कळला: नदीत चढलेला सामन खाण्यात मजा नाही.

माशांना अडवायला ओढ्यात आडव्या घातलेल्या कुंपणाच्या वरच्या बाजूला, काही मासे मोकळे सोडलेले असतात तिथे, एक मादी घरटं खणत होती. ती कुशीवर होते आणि शेपटी पाण्यात जोरात आपटते. त्या ओढीने खडी उचलली जाते आणि प्रवाह ती खाली नेतो. चर पुरेसा खोल झाला की ती अंडी सोडते, नर शेजारी येऊन आपला भाग उरकतो, आणि मादी जरा वर सरकून पुन्हा खणते. त्या दुसऱ्या खणण्याची खडी वाहून पहिल्या अंड्यांवर पांघरूण होते. धाकटे नर, ज्यांना जॅक म्हणतात, मोठ्यांच्या भांडणात मध्येच घुसून काम साधतात. जातीप्रमाणे एका मादीची अंडी काही हजार. पाणी १० अंशांवर असेल तर चिनूकची अंडी फुटायला सुमारे ५० दिवस, थंड असेल तर जास्त. तोवर खडीच्या फटींतून ताजं पाणी खेळत राहायला हवं. वरच्या बांधकामाची माती त्या फटींत बसली की अंडी गुदमरतात. हजारो अंड्यांतून परत या पुलाखाली येणारे दोन-चार निघाले तरी वंश टिकतो.

“आनि मगे? परत समुद्रात?”

“नाही. मरतात.”

“सगळे?”

सगळे. पॅसिफिक सामनच्या या पाचही जाती एकदाच अंडी घालतात आणि काही दिवसांत मरतात. आपल्याला वाटतं, दमून मरतात. पण जवळच्या ओढ्यात जन्मलेला, फार न पोहलेला मासाही मरतो. समुद्रात कधीच न जाणारा, तळ्यातच राहणारा कोकानी नावाचा सॉकाय (तो लेक समामिशमध्येही आहे) तोही मरतो. रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने याच कोकानींवर प्रयोग केला आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केला: लहानपणीच प्रजननग्रंथी काढून टाकल्या, तर एरवी चार वर्षांत मरणारे मासे त्याहून खूप जगले, काही आठ वर्षांपर्यंत. म्हणजे मारतं ते वयात येणं. अंडी-वीर्य तयार होताना अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक बेसुमार वाढतं, रोगाशी लढायची ताकद जाते, एकेक अवयव ढासळतो. निसर्गाच्या बाजूने यात तोटा नाही. पुन्हा समुद्र गाठून दुसऱ्यांदा चढून येण्याची शक्यता इतकी कमी, की त्यासाठी काही राखून ठेवणाऱ्यापेक्षा सगळं एकाच डावात लावणाऱ्याची पोरं जास्त जगली.

आईला हे रुचलं नाही. ती बराच वेळ काठावर अडकलेल्या एका मेलेल्या माशाकडे बघत होती. “आनि ह्यो असोच कुसतलो?”

कुसणार, आणि तिथेच कामाला येणार. माशाच्या वजनाचा बहुतेक भाग समुद्रातला, ओढ्यातून त्याने नेलं ते पिल्लापुरतं. तो मरतो तेव्हा समुद्रातला नायट्रोजन आणि फॉस्फरस डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडतो. अस्वलं मासे रानात ओढून नेतात, निवडक खातात, बाकीचं टाकतात. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनचा एक जड प्रकार ओळखता येतो, त्यावरून हिशेब लावतात. अलास्कात सामनच्या ओढ्यांकाठच्या झाडापाल्यातला २२ ते २४ टक्के नायट्रोजन समुद्रातला असल्याचं २००१ मध्ये मांडलं गेलं, आणि तिथले स्प्रूस वृक्ष जलदही वाढत होते. त्या झाडांची सावली ओढा थंड ठेवते, आणि कुजलेल्या माशांवर वाढलेले किडे पुढच्या पिल्लांचं खाणं होतात.

“माडाक कुट्याचा खत घालतत तसा,” आई म्हणाली. मग तिचा चेहरा जरा निवळला.

इसाक्वाला बहुतेक मासे ओढ्यात मरत नाहीत, हेही सांगायला हवं. कुंपण त्यांना केंद्राच्या जिन्याकडे वळवतं, तिथून हौदात, आणि पुढे माणसं अंडी काढून वीर्य मिसळतात आणि पिल्लं वाढवून सोडतात. ओळख पटावी म्हणून पिल्लाच्या पाठीवरचा मागचा छोटा पर कापतात. पुलावरून बघताना तो नसेल तर समजा केंद्रातला मासा. या केंद्रांबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. हौदात वाढलेले मासे रानातल्या माशांशी खाण्यासाठी झगडतात, त्यांच्यात मिसळून वाण पातळ करतात, ही टीका खोटी नाही. पण प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त यादीत आहे, आणि इथल्या मूळच्या आदिवासी जमातींना सरकारशी झालेल्या जुन्या करारांनुसार पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा मिळायला हवा, असा न्यायालयाचा १९७४ चा निकाल आहे. निम्मा वाटा द्यायला आधी मासे तर हवेत.

परतताना पाऊस लागला. आय-९० वर गाड्यांच्या चाकांमागे पाण्याचा धूर, आणि मला जे सांगायचं नव्हतं ते मोठीने शाळेतल्या प्रकल्पावरून सांगितलं. सिअ‍ॅटलच्या शहरी ओढ्यांत पहिल्या पावसानंतर कोहो अंडी घालण्याआधीच तडफडून मरत, काही वर्षी निम्म्याहून जास्त. कारण सापडायला कित्येक वर्षं लागली. टायर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं, झिजलेल्या टायरच्या भुकटीबरोबर ते रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी हे २०२० च्या शेवटी उघड केलं. लिटरभर पाण्यात ग्रॅमचा कोटीवा भाग असला तरी कोहोची निम्मी पिल्लं मरतात. चम मात्र त्याच पाण्यात जगतो. उपायही साधा आहे, तेवढाच कष्टाचा: रस्त्याचं पाणी ओढ्यात सोडण्याआधी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून जिरवलं की कोहो वाचतात.

“आपल्या गाडीचे टायरपण?” धाकट्याने विचारलं.

“सगळ्यांचे,” मोठी म्हणाली.

रात्री आईने फ्रीझरमधला अलास्काचा सॉकाय काढला, समुद्रात धरलेला, म्हणजे चरबी शाबूत असलेला, आणि त्याचं तिखलं केलं. रश्श्यावर तेलाचा बोटभर तवंग आला. मुलं दोनदा जेवली. आईने एक तुकडा खाल्ला, काटा बाजूला काढला आणि निकाल दिला, “बांगडो बरो.”